ओव्हाळ पॅटर्न

९ नोव्हेंबर २००३, रविवार

आजपासून रोज डायरी. मोठ्या माणसांना ही सवय असते.

रंभाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून बसणार. ती कारेगावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांची नाकं पुसते. तिथल्या सेविका सिंधूबाई मेअखेर रिटायर होतात. ती जागा रंभाला मिळू शकते, मुख्यसेविका मॅडम स्वतः तसं म्हणाल्या. फक्त जूनच्या मुलाखतीला दहावी पासचं मार्कलिस्ट हातात पाहिजे. रंभाची शाळा नववीत सुटली, लग्नामुळे. आता वय एकतीस.

मीही फॉर्म भरला. सोबत म्हणून. मला तशी गरज नाही. मी दहावीला बसलोच नव्हतो, त्यामुळे मला नापास कुणी म्हणू शकत नाही. बसलो असतो तर बोर्डात आलो असतो, असं मला पहिल्यापासून वाटतं. कंपनीत सगळे मला दहावी पासच समजतात. त्यात खोटं काही नाही, फक्त सर्टिफिकेट नाही.

तिला बाकी विषयांची भीती नाही. गणिताची आहे. शिरूरला एक रिटायर गुरुजी दर रविवारी बायकांना फुकट शिकवतात, तिथे जाऊ का, विचारत होती. मी घरात असताना?

ठरलं. गणित मी घेणार.

१६ नोव्हेंबर

बीजगणिताचं मूळ घातांकात आहे. ते पक्कं झालं की बाकी आपोआप. तेच आधी घेतलं.

मी तिला म्हटलं, पुस्तकात पंधरा नियम देऊन पोरांना घाबरवतात. आपला नियम एकच. मध्ये गुणाकाराचं चिन्ह असलं की घातांकांचाही गुणाकार. भागाकार असला की भागाकार. एक्सचा पाचवा घात गुणिले एक्सचा तिसरा घात, पाच त्रिक पंधरा, एक्सचा पंधरावा घात. संपलं. लातूर पॅटर्न म्हणतात तसा हा ओव्हाळ पॅटर्न.

आमची शितल आठवीत आहे. ती मधेच म्हणाली, पप्पा, गुणाकारात घातांकांची बेरीज करायची असती, आठवा घात येतो, सरांनी सांगितलंय. मी तिला पाणी भरायला पाठवलं.

मी हवेत बोलत नाही. प्रूफ दिलं. दोनाचा वर्ग गुणिले दोनाचा वर्ग. चार चोक सोळा. आता माझ्या नियमाने, दोन दुणे चार, दोनाचा चौथा घात. तोही सोळा! भागाकार: दोनाचा चौथा घात भागिले दोनाचा वर्ग. सोळा भागिले चार, चार. माझ्या नियमाने चार भागिले दोन, दोन, म्हणजे दोनाचा वर्ग. चार!

रंभाने पेन्सिल उचलली. मग म्हणाली, दोन आन् दोन झालं, आता दोन आन् तीन घेऊन बघू का येकदा?

मी म्हटलं, कंपनीत हजाराच्या लॉटमधून एक पीस चेक करतात, तो ओके निघाला की लॉट पास. मी तर दोन चेक केले.

तिने वही पुढे ओढली. पटलं.

३० नोव्हेंबर

दोन आठवडे झाले, अजून बेरीजच करते. गणित करताना ओठ हलतात, एक्स एक्स एक्स असं काहीतरी पुटपुटते आणि बोटं मोजते. म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, पाचवा घात म्हंजी पाच येक्स, तिसरा म्हंजी अजून तीन, समदे येका वळीत उभे केले तर आठच व्हतात. मी म्हटलं, अंगणवाडीतली पोरं आहेत का ती, ओळीत उभी करायला?

आपल्या घरात सिस्टिम नाही, हा खरा प्रॉब्लेम. माझ्या पॅकिंग लाइनला रिजेक्शन बोर्ड आहे. ज्याचे खोके खराब निघाले त्याचं नाव आणि आकडा सगळ्यांसमोर. लाज वाटली की माणूस सुधारतो. (माझंही नाव असतं कधीकधी, पण टेप खराब येते.)

पत्र्याला काळा रंग मारून दाराबाहेर लावला. आजचे रिजेक्शन: रंभा ओव्हाळ, वीसपैकी अठरा.

७ डिसेंबर

बोर्डाचा रिझल्ट चांगला. नळावर बायका तिला विचारतात म्हणे, का गं रंभे, आज किती रिजेक? कुणाच्या तरी पोरीने खडूने खाली चित्रही काढलं, लांब कानांचं. मी ते पुसलं नाही. मोटिव्हेशन.

रंभा आता पाणी भरायला सगळ्यांच्या आधी, पहाटे जाते. बघा, लवकर उठण्याची सवय लागली.

२१ डिसेंबर

शून्य घात. मी सांगितलं, कोणत्याही संख्येचा शून्य घात शून्य. घातच नाही तर उरणार काय? रंभा हळूच म्हणाली, येक येतो ना? मी विचारलं, मी महिन्यात शून्य शिफ्ट केल्या तर कंपनी मला एका दिवसाचा पगार देते का?

हा एक कुठून आला याचा शोध घेतला. शितलच्या पुस्तकातून. ते पुस्तक, तिची वही आणि रंभाने बाजारातून आणलेलं गाइड, तिन्ही पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. शितलने रडून घेतलं. तिला म्हटलं, शाळेत ऐकतेस ना, मग पुस्तक कशाला?

११ जानेवारी २००४

बाळासो आला होता. माझ्याच लाइनला आहे. आला की चहा घेतल्याशिवाय जात नाही. त्याच्यासमोर रंभाला तोंडी विचारलं, एक्सचा सातवा घात गुणिले एक्सचा दुसरा? ती ट्रे घेऊन उभी होती. नऊ म्हणाली. मी म्हटलं, सात दुणे? ती म्हणाली, चौदा, पण… मी म्हटलं, पण काय? बाळासो बशीत बघत मला म्हणाला, जाऊ दे रं इन्या, चहा सांडंल वहिनींच्या हातनं.

नंतर तिला स्पष्ट सांगितलं, तुझं डोकं खिचडीचं आहे, त्याला माझा इलाज नाही, मी फक्त प्रयत्न करू शकतो. स्पष्ट बोललेलं बरं असतं. पुढे गैरसमज होत नाहीत.

सिंधूबाई भेटल्या तेव्हा त्यांनाही सांगून ठेवलं की जास्त आशा ठेवू नका. त्या म्हणाल्या, तुमच्या तोंडून हे ऐकायला बरं वाटत न्हाई, भाऊ. जुन्या विचारांच्या बाई.

माझा स्वतःचा अभ्यास: अजून सुरू केलेला नाही. गरज पडेल असं वाटत नाही.

८ फेब्रुवारी

चमत्कार! वीसपैकी वीस. सगळी उत्तरं माझ्या पॅटर्नने. पाच त्रिक पंधरा, सात दुणे चौदा, शून्य घात शून्य. एकदाही ओठ हलले नाहीत, बोटं मोजली नाहीत. फटाफट लिहून वही पुढे सरकवली आणि भांडी घासायला गेली.

मेहनत फळाला आली. बोर्डावर लिहिलं, रिजेक्शन निल. बाळासोला बोलावून दाखवलं.

हल्ली ती आणि शितल अंगणवाडी सुटल्यावर तासभर तिथेच थांबतात. धान्य निवडायचं असतं म्हणे. काम वाढलंय बिचारीचं.

७ मार्च

हॉलतिकिटं आली. सेंटर शिरूर. आडनाव एकच, त्यामुळे नंबर लागून. ती पुढच्या बाकावर, मी तिच्या मागच्या. सतरा नंबरवाले सगळे एका वर्गात. म्हटलं, बरं झालं, पाठीशी मी आहे.

१५ मार्च, संध्याकाळ

बीजगणिताचा पेपर झाला. जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी काही म्हणायला नको.

पहिल्याच प्रश्नात घातांक. सरळ रूप द्या. एक्सचा पाचवा घात गुणिले एक्सचा तिसरा घात. आमचंच गणित! मी पंधरावा घात लिहून मोकळा. मग सहज मान उंच केली तर पुढे रंभाच्या पेपरवर आठ दिसला. आठवा घात! खाली शून्य घात होता. तिथे एक. चार महिने मी मरमर केली आणि ऐन पेपरात बाई पुन्हा बेरजेवर.

मला राहवलं नाही. नवरा म्हणून नाही, शिक्षक म्हणून. प्रश्नपत्रिकेचा कोपरा फाडला. लिहिलं, घातांकांचा गुणाकार कर. पंधरावा घात. चुकू नको. गोळी करून टाकली. तिच्या कोपरापाशी पडली. तिने उघडलीसुद्धा नाही. बोटाने बाजूला ढकलली आणि लिहीत राहिली. हट्टी.

तेवढ्यात भरारी पथक. पथकातल्या साहेबांनी गोळी उचलली, उलगडली आणि तिला उभं केलं. ही कुणाची? रंभाने मागे वळून पाहिलं. एकदाच. मी पंख्याकडे बघत होतो. पंखा आवाज करत होता, त्यामुळे प्रश्न मला नीट ऐकू आला नाही.

तिची उत्तरपत्रिका जप्त झाली. दुसरी कोरी दिली. कॉपी केस.

जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी समजावलं. गोळी लगेच मुठीत घेतली असती तर ही वेळ आली नसती. चूक मान्य करायला शीक.

१६ मार्च

शांतपणे विचार केला. मी काल उठून बोललो असतो तर दोघांवर केस झाली असती. घरातला एकजण तरी पास होणं गरजेचं आहे. हिशोब साधा आहे. जो हमखास पास होणार त्याने स्वतःला वाचवायचं. त्यात माझा स्वार्थ नाही.

तिने विचारलं, चिठ्ठी तुमची हाय आसं बोर्डाला पत्र लिहून कळवता का? मी म्हटलं, रिझल्ट लागू दे, मग बघू.

१४ एप्रिल

जयंतीला तरुण मंडळाने मला शिक्षणावर बोलायला सांगितलं. सुशिक्षित माणूस म्हणून. मी कॉपी हा विषय घेतला. कॉपी ही समाजाला लागलेली कीड आहे, बाबासाहेबांनी दिव्याखाली अभ्यास केला, कॉपी केली नाही, वगैरे. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी ओरडलं, वहिनींना इचारा की! लोक हसले. रंभा शितलला घेऊन पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती. ती उठली नाही. शितल उठून गेली.

मी प्रसंगावधान राखलं. म्हटलं, माझ्या घरातली चूकसुद्धा मी लपवत नाही. आणखी टाळ्या.

खाली आल्यावर बाळासो म्हणाला, इन्या, लई डेरिंग हाय बाबा तुझ्यात. त्याला म्हटलं, थँक्यू.

३१ मे

सिंधूबाईंचा निरोप समारंभ. त्यांनी रंभाच्या हातात अंगणवाडीच्या किल्ल्या दिल्या, महिनाभर सांभाळ म्हणाल्या, तोवर निकाल येईल. रंभाने किल्ल्या पदराला बांधल्या. हल्ली काही आयांनी पोरं पाठवणं बंद केलंय. एक बाई दारात येऊन म्हणाली, कॉपीवाली काय शिकवणार आमच्या लेकरांला? रंभाने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, लोकांचं मनावर घेऊ नये. मी घेतो का?

२२ जून

निकाल. रंभाचा राखीव. बोर्डाची चौकशी होईल, मग लागेल.

माझा लागला. इंग्रजी वगैरे जाऊ दे. गणितात दीडशेपैकी सव्वीस. सरळ आहे, तपासणाऱ्याला ओव्हाळ पॅटर्न माहीत नाही. आपल्याकडे नवीन पद्धतीला किंमत नाही. फेरतपासणी टाकणार.

शितलने मार्कलिस्ट वाचून परत घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मोठी झाली पोरगी.

२५ जून

मुलाखत आज होती. मार्कलिस्ट नसेल तर येण्यात अर्थ नाही, असं मुख्यसेविका मॅडमनी कळवलं होतं. तरी रंभा सकाळी अंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून ओट्यावर बसली. मी फर्स्ट शिफ्टला निघालो तेव्हा बसलेली होती, सुटून आलो तेव्हाही बसलेली होती. विचारलं, जेवलीस का? म्हणाली, तुमची वाट बघत व्हते.

जागा तात्याबांच्या सुनेला मिळाली. तात्याबा पंचायतीत आहेत. सून दहावी पास आहे, त्यामुळे बोलायला जागा नाही. किल्ल्या संध्याकाळी तिच्याकडे दिल्या.

९ जुलै, पुण्याहून परत आल्यावर

बोर्डात चौकशी. मी सोबत गेलो होतो, नवरा या नात्याने. रंभा आत, मी दाराबाहेर बाकावर. दार अर्धं उघडं. आत टेबलामागे तिघं, मधे एक चष्मेवाल्या मॅडम.

मॅडमनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. घातांकांचा गुणाकार कर, पंधरावा घात, चुकू नको. आत हशा झाला. मग तिची जप्त उत्तरपत्रिका काढली. मॅडम म्हणाल्या, बाईंनी इथे आठवा घात लिहिलाय, बरोबर आहे. शून्य घात एक, बरोबर. सगळा प्रश्न बरोबर आहे, आणि ही चिठ्ठी पाहून लिहिलं असतं तर सगळा चुकला असता. मग ही कॉपी कशी? डावीकडचे गृहस्थ म्हणाले, मॅडम, ज्या गाढवाने ही लिहिली त्याला आधी आठवीत बसवा. पुन्हा हशा. मॅडमनी रंभाला विचारलं, कुणी टाकली हो ही? रंभा खाली बघत होती. म्हणाली, मी उघडली नव्हती.

माणूस किती सहन करणार? मी आत गेलो. सांगितलं, नियम बरोबर आहे. मी स्वतः पडताळलाय. दोनाचा वर्ग गुणिले दोनाचा वर्ग करून बघा.

मॅडमनी चष्मा काढला, मला खुर्ची दिली, कागद दिला. आदराने. म्हणाल्या, दोनाचा वर्ग गुणिले दोनाचा घन करा. मी केलं. चार गुणिले आठ, बत्तीस. म्हणाल्या, तुमच्या नियमाने काय येतं? दोन त्रिक सहा, दोनाचा सहावा घात. काढा. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. बत्तीसवर पाच दोन झाले होते. मी पुन्हा मोजले. पाचच.

मी म्हटलं, हा अपवाद असेल.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे ही चिठ्ठी तुम्ही लिहिलीत. इथे सही करा. मी सही केली. सही चांगली आली.

रंभा निर्दोष. निकाल आठ दिवसांत. माझ्यावर पुढच्या दोन परीक्षांची बंदी.

थोडक्यात, आज मी बायकोसाठी त्याग केला. स्वतःवर घेतलं. एसटीत तिला तसं म्हणालो. तिला बहुतेक झोप लागली होती, डोळे उघडे होते.

१८ जुलै, रविवार

रंभाचा निकाल काल आला. गणितात दीडशेपैकी एकशे बारा. पहिला वर्ग.

मी पेढे आणले. बाळासोला दिले, म्हटलं, शिकवणारा कोण होता? तो पेढा हातात धरून म्हणाला, ते तर समद्या गावाला म्हाईत हाय.

दुपारी रंभा नेहमीप्रमाणे अंगणवाडीत जाऊन आली. आज रविवार, पण तात्याबांच्या सुनेला रजिस्टर लिहिता येईना, ते हिने लिहून दिलं. सही सूनबाईंची.

संध्याकाळी वाटलं, ती आता काहीतरी बोलेल. तिने परात ओढून पीठ मळायला घेतलं. मग मीच विषय काढला. म्हटलं, सेविकेची जागा काय, पुढे कुठे ना कुठे निघेलच. पण मी बोर्डात सगळ्यांसमोर सांगितलं ना शेवटी? किती नवरे सांगतात?

तिने पीठ मळणं थांबवलं नाही. म्हणाली, चार महिने वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. लोकं पोरं न्हाई पाठवायची, तवा वाटलं आता सांगतील. मुलाखतीच्या दिवशी साडी नेसून बसले व्हते, तवा बी वाटलं, दुपारच्या सुट्टीत येतील, चला म्हणतील. मी तुमचं नाव घेतलं न्हाई, कारन मला वाटायचं तुम्हीच घ्याल.

मी म्हटलं, घेतलं की.

ती म्हणाली, कुठं घेतलं? सूत्र बरोबर हाय, येवढंच सांगायला आला व्हता तुम्ही.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी विचार करत तिथेच चुलीपुढे उभा राहिलो. तिने परातीत पीठ पसरलं, भाकरी थापायला घेतली. मग वर न बघता म्हणाली, बाजूला व्हा, उजेड अडतोय.

झालो.